पेंढा खाचरात, पाणी मापात: पहिल्यांदा भात लावणाऱ्यांसाठी

पहिल्या वर्षी मी खाचरात पेंढा घातला आणि लावणीनंतर पंधरा दिवसांत भात पिवळं पडलं. शेजारच्या खाचरात पेंढ्याची काडीही नव्हती आणि तिथलं भात हिरवंगार. चिखलात पाय घातला की बुडबुडे यायचे, सडक्या अंड्यासारखा वास सुटायचा. रोप उपटून बघितलं तर मुळं काळी. वाडीतले एक आजोबा बांधावर उभे राहून बघत होते. म्हणाले, "पेंढा घातलास तो ठीक. पण उशिरा घातलास, आणि वर पाणी कशाला बांधून ठेवलंस? सोड ते."

पाणी सोडलं. तीन दिवस जमीन उघडी पडली, बारीक भेगा दिसायला लागल्या, मग परत पाणी घेतलं. दहा-बारा दिवसांत रंग पालटला. पीक थोडं मागे पडलं, पण हातातून गेलं नाही.

आजोबांच्या त्या दोन वाक्यांत सगळी पद्धत आली. पेंढा लवकर घालायचा आणि त्यावर पाणी कोंडून ठेवायचं नाही. पेंढ्याने खत वाचतं हे सगळे सांगतात. पण पेंढा आणि पाणी यांचा हिशोब एकत्र मांडला नाही तर पेंढा उलटतो, हे फार कमी जण सांगतात.

हे माझं संशोधन नाही

कोकणात ही पद्धत 'चारसूत्री भात लागवड' म्हणून ओळखली जाते. डॉ. नारायण सावंत यांनी ती मांडली, आणि कृषी विभाग व दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ तिची शिफारस करत आलं आहे. चार सूत्रं अशी: भाताच्या तुसाचा आणि पेंढ्याचा फेरवापर, गिरिपुष्पाचा म्हणजे उंदीरमारीचा पाला, ठरावीक अंतरावर नियंत्रित लावणी, आणि युरिया-डीएपी या खतांच्या दाबून केलेल्या गोळ्या खोल खोचणं. पाण्याची आलटून पालटून पाळी देण्याची पद्धत फिलिपीन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने रूढ केली. मी दोन्हींची सांगड घातली आहे, एवढंच.

नवख्या माणसाने सुरुवात १० गुंठ्यांवर करावी. बाकीचं शेत गावात चालतं तसंच ठेवा. १० गुंठ्यांना लागणारं सामान असं: पेंढा २०० किलो, गिरिपुष्पाचा पाला ३०० किलो, रोपवाटिकेसाठी तुसाची राख ५० ते १०० किलो, गोळ्या साधारण १७ किलो. बियाण्याबद्दल एकच सांगतो, जात आपल्या जमिनीप्रमाणे घ्या. वरकस, लवकर आटणाऱ्या जमिनीत कर्जत-३ सारखी हळवी म्हणजे लवकर तयार होणारी जात, पाणथळ खाचरात गरवी म्हणजे उशिरा तयार होणारी.

पेंढ्यात असतं काय

भाताचं रोप जेवढा पालाश (पोटॅश) जमिनीतून उचलतं, त्यातला साधारण ८० टक्के दाण्यात जात नाही, पेंढ्यातच राहतो. एक टन पेंढ्यात १४ ते २० किलो पालाश, ५ ते ८ किलो नत्र (नायट्रोजन) आणि बऱ्यापैकी सिलिकॉन असतं. म्हणजे आपल्या २०० किलो पेंढ्यातून ३ ते ४ किलो पालाश परत येतो. कोकणातली शिफारस हेक्टरी ५० किलो पालाश, म्हणजे १० गुंठ्यांना ५ किलो. बहुतेक गरज घरच्या घरीच भागली की.

सिलिकॉन कुठल्याही पोत्यावर लिहिलेलं नसतं, पण भाताला ते भरपूर लागतं. पेंढा हाताला खरखरीत लागतो तो त्यामुळेच. सिलिकॉन मिळालेलं भात ताठ उभं राहतं, वाऱ्यापावसात लवकर लोळत नाही, आणि खोडकिडा व करपा यांना त्याच्यावर हात मारणं अवघड जातं.

नत्राची गोष्ट मात्र उलटी आहे. पेंढ्यात कर्ब खूप, नत्र थोडं. त्यामुळे पेंढा कुजवणारे जिवाणू सुरुवातीला जमिनीतलंच नत्र खाऊन टाकतात. रोपाच्या तोंडचा घास जातो आणि भात पिवळं पडतं. ते जिवाणू मेले की नत्र परत मिळतं, पण त्याला वेळ लागतो. म्हणून पेंढा आणि लावणी यांत ३ ते ४ आठवडे हवेतच. मी पहिल्या वर्षी ६ दिवस दिले होते.

कापणीनंतर लगेच करायचं काम

तयारी आदल्या वर्षीच्या कापणीपासून सुरू होते. गुरं असतील तर चांगला, पिवळाधमक पेंढा त्यांचाच. त्यात वाद नको. दाणे जेवढे, साधारण तेवढाच किंवा थोडा जास्त पेंढा निघतो. त्यातला निम्मा शेताकडे गेला तरी आपलं भागतं. शेतासाठी कमअस्सल पेंढाही चालतो: उडवीच्या (पेंढा रचून केलेल्या गंजीच्या) तळाचा, भिजून काळपट झालेला, गुरांनी उष्टावून टाकलेला. करप्याने किंवा कडा करप्याने खराब झालेला पेंढा मात्र थेट खाचरात नको. तो खड्ड्यात शेणाबरोबर कुजवा.

एक गोष्ट बरेच दिवस माझ्या लक्षात आली नव्हती. पेंढ्यातला पालाश पाण्यात विरघळणारा असतो. त्यासाठी पेंढा कुजावाही लागत नाही, पाऊस पडला की तो धुऊन जातो. उडवी हलवल्यावर पुढच्या पावसात त्या जागी गवत माजतं, ते उगाच नाही. शेतासाठी ठेवलेला पेंढा अवकाळी पावसात उघडा टाकू नका, वर काहीतरी झाकण टाका. उन्हाळ्यात गोठ्यात गुरांखाली अंथरलात तर आणखी उत्तम. गोमूत्र त्यात मुरतं, नत्राची उणीव थोडी भरून निघते आणि गोठाही कोरडा राहतो.

भंडारा-गोंदियाकडे गोष्ट वेगळी आहे. तिथे पेंढ्याला तणस म्हणतात, खाचराला बांधी, लावणीला रोवणी. हार्वेस्टरने कापणी झाली की तणस बांधीतच विखुरलेली राहते आणि मग काडी लावायचा मोह होतो. तिथल्या वाचकांनी कापणीनंतर जमिनीत ओल असतानाच तणस गाडून टाकावी. ओल गेली की ती कुजत नाही, नुसती वाळते.

राब न भाजता रोपवाटिका

कोकण-मावळात रोपाच्या जागेवर पालापाचोळा, शेण आणि झाडांच्या फांद्या पसरून भाजायची रीत आहे. राब. त्यातून राख मिळते, तणाचं बी जळतं, रोप जोमात येतं. या रीतीला नावं ठेवायचं मला कारण नाही. पण दरवर्षी ऐनाच्या, किंजळाच्या फांद्या खरडून डोंगर बोडका होतो हेही खरंच.

राबाचं काम बऱ्याच अंशी तुसाची राख करते. भातगिरणीवर तूस मिळतं, वीटभट्टीवर तर तयार राखच मिळते. घरी करायची असेल तर तुसाचा ढीग करून मंद धुमसू द्या, भडका नको. राख काळी-करडी राहिली पाहिजे. फार तापून पांढरी झालेली राख लवकर विरघळत नाही. किती तूस लागेल? १०० किलो तुसाची जेमतेम २० किलो राख होते. गिरणीवाल्याशी आधीच बोलून ठेवा.

गादीवाफे मीटर-सव्वा मीटर रुंद, चार बोटं उंच. चौरस मीटरला अर्धा ते एक किलो राख टाकून वरच्या दोन-तीन इंच मातीत मिसळा. १० गुंठ्यांच्या लावणीला १ गुंठा रोपवाटिका पुरते.

बियाणं आधी मिठाच्या पाण्यात टाका: १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ. तरंगेल ते पळंज म्हणजे पोकळ, काढून टाका. बुडालेलं साध्या पाण्याने दोनदा धुऊन सावलीत सुकवा. पेरणी ओळीत करा, फोकू नका. रोहिणीच्या अखेरीला किंवा मृगाच्या पहिल्या पावसावर पेरलं की जूनच्या अखेरीस, जुलैच्या सुरुवातीस २१ ते २५ दिवसांचं रोप हातात येतं. या रोपाला काटकपणा येतो. उपटताना मुळं तुटत नाहीत, जुडी बांधताना हे लगेच जाणवतं.

पेंढा कधी, कसा

इकडे रोपवाटिका पेरली की त्याच आठवड्यात खाचरात पेंढा. पहिल्या पावसाने जमीन भिजलेली असते, पाणी साचलेलं नसतं. हीच वेळ. पेंढा वीतभर लांबीचा तोडून घ्या. कडबाकुट्टी असेल तर काम तासाभराचं, नसेल तर कोयत्याने ठोकळ्यावर. अख्खा पेंढा टाकला तर तो पॉवर टिलरच्या पात्यांना गुंडाळतो आणि दिवस सोडवण्यात जातो.

गुंठ्याला २० किलो म्हणजे डोक्यावर घ्यायला होईल तेवढा एक भारा. पसरल्यावर जमीन मधूनमधून दिसली पाहिजे. गादीसारखा थर झाला तर जास्त झाला. मी वर भाऱ्यामागे एक बादली शेणकाला शिंपडतो. मग नांगरट. ओल्या पण न साचलेल्या मातीत, हवा लागत, तीन-चार आठवडे तो कुजतो. मध्ये जोराचा पाऊस होऊन खाचर भरलं तर बांध फोडून पाणी काढून द्या. चिखलणीच्या वेळी मूठभर माती उचलून बघा. पेंढा ओढला की सहज तुटला पाहिजे. चिवट लागत असेल तर लावणी चार दिवस पुढे ढकला.

उंदीरमारीचा पाला

गिरिपुष्प म्हणजे आपली उंदीरमारी. बांधावर फांद्या खोचल्या की येते, गुरंही तिला फारशी लागत नाहीत. लावणीआधी ७-८ दिवस तिच्या पाल्यासकट फांद्या गुंठ्याला ३० किलो या हिशोबाने चिखलात पसरा. तीन-चार दिवसांत पानं गळून पडतात. उरलेल्या काड्या गोळा करून चुलीला घ्या आणि मग शेवटची चिखलणी करून फळी फिरवा. हा पाला कोवळा आणि नत्राने भरलेला असतो, लगेच कुजतो. पेंढ्याने अडवलेलं नत्र तो भरून काढतो, म्हणून या दोघांची जोडी. बांधावर झाडं नसतील तर या वर्षी लावून टाका आणि तोवर ताग किंवा धैंचा पेरून तो हिरवा असतानाच गाडा.

फळी नीट फिरवा. खाचर एका बाजूला खोल राहिलं तर पुढे पाण्याची पाळी साधत नाही.

दोरी, चौकोन, गोळी

आता खरी मजा. नायलॉनची दोरी घ्या आणि तिच्यावर रंगाने किंवा चिंधीने खुणा करा: १५ सेंटिमीटर, मग २५, मग १५, मग २५. दोन ओळींमधलं अंतरही तसंच, एकदा १५ आणि एकदा २५. प्रत्येक खुणेवर २-३ रोपं, उथळ लावायची. बायका पहिल्या दिवशी कंटाळतात, "दोरीने कुठे भात लावतात का?" म्हणून हसतात. आमच्याकडे दुसऱ्या दिवशी त्यांनीच दोरीचं टोक पकडलं होतं.

अशा लावणीत १५ सेंटिमीटर बाजूचे चार चुडांचे (एका जागी लावलेल्या रोपांचा झुबका म्हणजे चूड) चौकोन तयार होतात आणि त्यांच्यामध्ये २५ सेंटिमीटरचे पट्टे राहतात. प्रत्येक चौकोनाच्या मधोमध एक गोळी, २.७ ग्रॅमची, बोटाने ७ ते १० सेंटिमीटर खोल खोचायची. अंगठ्याच्या पेरापर्यंत नाही, मधलं बोट जवळजवळ पूर्ण आत गेलं पाहिजे. वरचं भोक चिखलाने बुजवायचं. हे लावणीच्या दिवशीच करा, चिखल मऊ असतो. गुंठ्याला सव्वासहाशेच्या आसपास गोळ्या लागतात. एक लावतो, दुसरा मागून खोचत जातो. हाताला जखम असेल तर हातमोजे घाला, युरिया झोंबतो.

एवढा खटाटोप का? पाण्यात फोकलेल्या युरियातलं साधारण तिसऱ्या हिश्शाएवढं नत्रच पिकाला लागतं. बाकीचं हवेत उडतं, नाहीतर बांधावरून वाहून खालच्या खाचरात जातं. कोकणात खालच्या खाचराचं भात नेहमी जास्त हिरवं का असतं, ते बघा एकदा. खोल खोचलेली गोळी मुळांजवळ हळूहळू विरघळते. नेहमीच्या शिफारशीत हेक्टरी १०० किलो नत्र आणि ५० किलो स्फुरद (फॉस्फरस), गोळ्यांत साधारण ५७ आणि २९. शिवाय दुसरा-तिसरा हप्ता देण्याची कटकट नाही.

पुढे बेणणीला म्हणजे तण काढायला शिराल तेव्हा पाय फक्त २५च्या पट्ट्यात टाका. चौकोनात पाय पडला की गोळी वर येते आणि सगळी मेहनत पाण्यात.

गोळ्या मिळाल्या नाहीत तर अडून बसू नका. नत्राचे तीन भाग करा: ४० टक्के लावणीला, ४० टक्के फुटवे फुटताना, २० टक्के लोंबी पोटात धरताना. स्फुरद सगळं लावणीलाच. प्रत्येक वेळी पाणी काढून मग खत टाका, दुसऱ्या दिवशी पाणी घ्या.

पाण्याची पाळी

भात पाण्यात वाढतं, पण त्याला सतत पाण्यात उभं राहायचं नसतं. कोंडलेल्या पाण्याखाली पेंढा कुजला की हवेविना मिथेन आणि सडका वायू तयार होतो. तोच माझ्या खाचरातला वास. अधूनमधून जमीन उघडी पडली की मुळांना हवा मिळते आणि मिथेनही बऱ्यापैकी घटतो.

त्यासाठी एक साधी नळी करा. ३० सेंटिमीटर लांब, १० ते १५ सेंटिमीटर रुंद प्लॅस्टिकचा पाइप, किंवा जाड कळकाचा तुकडा, आतल्या गाठी फोडून. खालच्या २० सेंटिमीटरला भोवती छिद्रं पाडा. ती बांधाजवळ, पण अगदी कोपऱ्यात नको, २० सेंटिमीटर आत रोवा आणि आतली माती काढून टाका. आता आत डोकावलं की जमिनीखालचं पाणी दिसतं.

लावणीनंतर पहिले दहा दिवस दोन-तीन सेंटिमीटर पाणी ठेवा. रोपं धरू देत, तण दबू दे. त्यानंतर पाणी आपोआप आटू द्या. जमीन उघडी दिसली म्हणून घाबरू नका, नळीत बघा. पाणी जमिनीखाली १५ सेंटिमीटर गेलं की परत पाणी द्या, वर ५ सेंटिमीटर येईपर्यंत. असं चालू ठेवा. फक्त फुलोऱ्याच्या आधीचा आणि नंतरचा एकेक आठवडा पाणी तोडू नका. त्या वेळी ताण बसला तर लोंब्या पळंज राहतात, आणि ते नुकसान पुढे कशानेच भरून येत नाही. कापणीआधी १० दिवस पाणी पूर्ण काढून टाका.

खरं सांगायचं तर कोकणातल्या जुलैमध्ये ही नळी शोभेची असते. पाऊसच थांबत नाही. तिथे 'पाणी देणं' नाही, 'पाणी काढणं' हे काम. लावणीनंतर तीन आठवड्यांनी एक उघडीप बघून बांध फोडा आणि दोन-तीन दिवस जमीन उघडी ठेवा, एवढं पुरतं. गोळ्या खोल असल्याने पाणी सोडलं तरी नत्र वाहून जात नाही, हा त्यांचा दुसरा फायदा. नळी खरी कामाला येते ती पावसाळ्यानंतर पाणी देऊन घेतलेल्या वायंगणी भाताला, उन्हाळी धानाला, आणि सप्टेंबरात पाऊस दडी मारतो तेव्हा. पंपावर भात घेणाऱ्याचं पाणी या पाळीने ३० टक्क्यांपर्यंत वाचू शकतं.

तण मात्र वाढतं. हे लपवण्यात अर्थ नाही. लावणीनंतर तीन आठवड्यांनी एक बेणणी ठरलेलीच धरा.

बिघडलं तर

लावणीनंतर दोन आठवड्यांत भात पिवळं आणि वास येतोय: पेंढा कुजायचा राहिला आहे. युरिया ओतू नका, आधी पाणी काढा. वास नाही, मुळं पांढरी आहेत, तरी पिवळं: नत्र खरंच कमी आहे, गुंठ्याला पावशेर युरिया पाणी काढून द्या. पानांवर तांबूस ठिपके, रोप खुजं: जस्ताची कमतरता असू शकते, माती परीक्षण करून मगच झिंक सल्फेट घ्या.

पहिल्या वर्षी रासायनिक पालाश एकदम बंद करू नका, निम्मा करा. दोन हंगाम पेंढा घातल्यावर माती तपासून मग ठरवा.

पीक उभं असताना नव्या आणि जुन्या खाचरात एकेक चौरस मीटर जागा दोरीने आखून लोंब्या मोजा, आकडे वहीत लिहा. कापणीला दोन्हीकडचे दाणे वेगळे झोडा, वेगळे मापा. आणि मळणीच्या दिवशीच, सगळा पेंढा उडवीवर चढण्याआधी, खाचरासाठीचे दहा भारे बाजूला काढून पडवीत रचा. एकदा उडवी रचली की त्यातून शेतासाठी कोणी काढून देत नाही.